घडणावळीचे मोल कोणाच्या पदरी?

बोईसर म्हटले की तारापूरचे अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहतीतील कारखाने एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याच परिसरातील चिंचणी, तारापूर आणि लगतच्या किनारी गावांत, घराच्या पडवीत वा माळ्यावर चालणारा एक निराळा उद्योग पिढ्यान् पिढ्या रुजलेला आहे. सोन्याचांदीच्या व बेगडी दागिन्यांसाठी लागणारे पोलादी ठसे हाताने कोरण्याचा हा उद्योग होय. या ठशांना तेथे सरसकट ‘डाय’ म्हणतात आणि ते कोरणाऱ्यास ‘डायमेकर’. मंगळसूत्राची वाटी असो वा पुतळीमाळेतील पुतळी, पातळ पत्रा ठशावर ठेवून दाबला की नक्षी उठते. म्हणजे कारागिराने ती उलटी आणि खोलगट कोरलेली असावी लागते, व कोरून झाल्यावर पोलादाला पाणी द्यावे लागते. हे पाणी चुकले तर कित्येक दिवसांचे काम एका क्षणात तडकते.

आता संगणकावर आराखडा तयार करून यंत्राने ठसा कापता येतो. तो लवकर होतो आणि स्वस्तही पडतो. मग हाताने कोरलेल्या ठशाला अधिक दाम मोजावे काय, हा प्रश्न दागिन्यांच्या कारखानदारापुढे आणि पर्यायाने डायमेकराच्या घरापुढे उभा आहे.

हाच प्रश्न जपानात तलवारीच्या साजाबाबत फार पूर्वीपासून विचारला जात आहे. तलवारीच्या मुठीपाशी हाताच्या रक्षणासाठी धातूची एक चकती असते, तिला ‘त्सुबा’ म्हणतात. रक्षणापुरते पाहिले तर साधी लोखंडी चकती पुरेशी आहे. तथापि 1615 नंतर देशात दीर्घकाळ शांतता नांदली, तलवार म्यानातच राहू लागली आणि साज हाच तिचा दर्शनी भाग ठरला. तांब्यात थोडे सोने मिसळून काळी झळाळी आणलेल्या धातूवर पाने, पक्षी, लाटा कोरल्या जाऊ लागल्या. आज तलवारीचा सराव करणाऱ्यास जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चकती अल्प किमतीत मिळते. हातघडणीची चकती तिच्या अनेक पट महाग असते. सरावापुरता विचार केला तर महाग चकतीने काहीही अधिक साधत नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन याने 1899 मध्ये हातघडणीचा चांदीचा चमचा आणि यंत्रावरचा स्वस्त चमचा यांची तुलना करून असेच म्हटले होते. उपयोगात फरक नाही. फरक आहे तो खर्च करण्याची ऐपत मिरविण्यात. व्हेब्लेनचे हे म्हणणे ग्राहकाच्या स्वभावापुरते खरे असले तरी उत्पादनाच्या बाजूने ते अपुरे आहे. ओतीव चकती ही कोणीतरी हाताने घडविलेल्या चकतीची नक्कल असते. मूळच घडले नाही तर नक्कल कशाची करावयाची? आणि मुळाचे दाम कोणी द्यावयाचे?

कानो नात्सुओ या कारागिराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. 1828 मध्ये जन्मलेला हा माणूस तलवारीचा साज घडविण्यात पारंगत होता. मेजी सरकारने नवी नाणी पाडण्याचे ठरविले तेव्हा त्यांचे नमुने कोरण्याचे काम त्याच्याकडे आले. ओसाकाची टांकसाळ 1871 मध्ये सुरू झाली. पुढे 1876 मध्ये तलवार बाळगण्यावरच बंदी आली आणि साज घडविणाऱ्या असंख्य कारागिरांची उपजीविका खुंटली. नात्सुओचे कौशल्य मात्र त्याआधीच एका चकतीवरून लक्षावधी नाण्यांवर गेले होते. चिंचणीचा डायमेकर हा या अर्थाने त्याचाच व्यवसायबंधू आहे.

ठसा आणि चकती यांतील भेदही येथेच आहे. चकती एकदाच विकली जाते, ठशाची किंमत हजारो नगांत वाटली जाते. समजा, यंत्राचा ठसा दोन हजार रुपयांस आणि हाताचा आठ हजारांस पडला. त्यावरून दहा हजार नग काढले तर फरक नगामागे 60 पैसे एवढाच उरतो. दोनशेच नग काढावयाचे असतील तर तोच फरक 30 रुपये होतो. म्हणून साध्या, भौमितिक नक्षीला यंत्रच योग्य, किंबहुना सरस. परंतु जेथे पाकळीला बाक हवा आणि आतला कोपरा टोकदार हवा, तेथे फिरत्या पात्याला मर्यादा आहे, कारण त्याच्या जाडीइतकी गोलाई मागे राहतेच. अशा दीर्घकाळ चालणाऱ्या नक्षीसाठी हाताचा ठसा महाग नव्हेच.

मग कारखानदार हे 60 पैसे द्यावयास कां कचरतो? कारण त्याचा दागिना बाजारात आला की चार दिवसांत दुसरा कोणी त्यावरून ठसा काढतो, आणि त्यास नक्षी सुचण्याचा खर्च पडत नाही. कायदाही येथे डायमेकराच्या मदतीस सहजी येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 15 व्या कलमानुसार, ज्या नक्षीची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते परंतु झालेली नाही, तिच्यावरील हक्क औद्योगिक रीतीने 50 हून अधिक नग निघताच संपतो. ठशाच्या धंद्यात 50 नग म्हणजे एका सकाळचे काम! 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केल्यास दहा वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. भौगोलिक निर्देशांकाचा मार्ग वारली चित्रकलेने 2014 मध्ये आणि डहाणू-घोलवडच्या चिकूने 2016 मध्ये अवलंबिला. परंतु त्याने नाव राखले जाते. विशिष्ट नक्षी नव्हे.

जपानात साजाला किंमत टिकून राहिली ती केवळ रसिकतेमुळे नव्हे. कारागिराची सही, ती खरी की खोटी हे सांगणारे जाणकार, आणि 1948 पासून तलवारी व त्यांचा साज तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था, अशी व्यवस्था तेथे आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ याने 1970 च्या आपल्या निबंधात दाखविले की, ग्राहकास चांगले-वाईट ओळखता येईनासे झाले की चांगला माल बाजारातून मागे सरतो. आपल्याकडे हॉलमार्क आहे, 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखखूणही सक्तीची आहे. पण ती शुद्धतेची ग्वाही देते, हाताची नव्हे. शिवाय घडणावळ पुष्कळदा सोन्याच्या किमतीच्या टक्केवारीने आकारतात. सोने चढले की घडणावळही चढते, मग नक्षीत एक रेघही वाढलेली नसो. ही वाढ सराफाच्या दुकानापाशीच थांबते. डायमेकरास त्याचे दाम ठशामागे एकदाच मिळालेले असते.

हात बसावयास या कामात वर्षे जातात, आणि औद्योगिक वसाहतीत पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. तरुण मुलाने काय निवडावे हे त्याला सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. करण्याजोगे आहे ते एवढेच की, डिझाइनची नोंदणी ही नक्षी प्रसिद्ध होण्यापूर्वी करावी लागते, ही माहिती डायमेकरांच्या घरांपर्यंत पोहोचावी आणि तो अर्ज एकट्यादुकट्याने नव्हे तर गावातील कारागिरांच्या सहकारी संस्थेमार्फत भरला जावा. अर्जाची ही उठाठेव पहिला नमुना मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पाठविण्याच्या आधी व्हावयास हवी, नंतर नव्हे.