लेकरांना पहिल्यांदा रोलर कोस्टरमध्ये बसवताना

आज हप्त्याचा, व्याजाचा विषय नाही. सुट्टी जवळ आली आहे आणि बऱ्याच गटांच्या सहली ठरतायत. पूर्वी गटाची सहल म्हणजे देवदर्शन. आता मुलं म्हणतात, पार्कात न्या. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं. तिथल्या उलट्यासुलट्या रोलर कोस्टरची चित्रं मुलांनी मोबाइलवर पाहिलेली असतात. मुलांना न्यायचंच. पण नेण्याआधी काय समजून घ्यायचं, ते आज बोलू.

आधी आमच्या गावच्या जत्रेतली गोष्ट सांगतो. रुळावर गोल पळणारी ड्रॅगनची गाडी आली होती. गटातली एक ताई चार वर्षांच्या मुलाला घेऊन बसली. पलीकडे तिची जाऊ, मध्ये पोरगा. तिघांच्या मांडीवर मिळून एकच लोखंडी दांडा. आम्ही खाली उभ्या राहून हात हलवत होतो. दुसऱ्या फेरीला उतारावर पोरगा दांड्याखालून सरकला. हनुवटी दांड्याला अडकली, बाकीचं अंग खाली. आईने दंड धरलेला, जावेने सदरा. आम्ही आरडाओरडा केला, तशी गाडी थांबवली. हनुवटी सोलवटली, तेवढ्यावर निभावलं. ती ताई मात्र पुढे कितीतरी दिवस एकच विचारायची, "मी शेजारी होते, मी धरलं होतं, तरी कसा सरकला?"

उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. मग विचारून, वाचून समजून घेतलं. उत्तर असं, की आई शेजारी होती म्हणूनच दांडा पोरापर्यंत पोचला नाही. सगळ्यांना मिळून एकच दांडा असतो, तेव्हा तो सगळ्यात जाड मांडीवर येऊन थांबतो. आपली मांडी जाड, लेकराची बारीक. आपल्याला दांडा घट्ट बसतो आणि लेकराच्या पोटापुढे वीतभर फट राहते. त्या फटीतून ते खाली सरकतं. म्हणून गाडीत बसल्यावर आपला दांडा बघू नका, मुलाचा बघा. मुलाच्या मांडीला तो टेकत नसेल, तर गाडी सुटायच्या आधी उतरा.

दुसरी गोष्ट हाताच्या जोराची. मोठ्या रोलर कोस्टरची गाडी उतार उतरून तळाशी वळते, तेव्हा अंगाचं वजन तिपटीने वाढल्यासारखं होतं. १५ किलोचं लेकरू त्या क्षणी ४५ किलोचं होतं, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या गोणीएवढं. शिवाय आपला हातही तेवढाच जड झालेला असतो. आईची माया कितीही मोठी असली तरी तेव्हा हाताने लेकरू आवरत नाही. ते काम दांड्याचं आणि पट्ट्याचं.

गाडी रुळावरून उडेल का, ही भीती बऱ्याच जणींना असते. रोलर कोस्टरच्या चाकांचे तीन संच असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली. वरच्या आणि खालच्या चाकांमध्ये रूळ धरलेला असतो, म्हणून गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. रुळाखालच्या चाकाची ही युक्ती अमेरिकेत जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये काढली. तेव्हा चांगली राखलेली गाडी रुळाला धरून असते. प्रश्न लेकरू सीटला धरून आहे का, हा असतो.

आणखी एक लक्षात ठेवा. पुष्कळ मोठ्या गाड्यांना साखळी ओढून चढावर नेते, विहिरीतून पोहरा ओढावा तशी. माथ्यावर पोचली की पुढे इंजिन नाही. स्वतःच्या वजनानेच ती खाली धावते. ब्रेक ठरलेल्या जागीच असतात. जत्रेतली गाडी मोटरवर होती, म्हणून आमच्या ओरडण्याने थांबली. मोठी गाडी मध्येच थांबत नाही. काय ठरवायचं ते खाली, रांगेतच ठरवायचं.

आता दारातल्या उंचीच्या पट्टीबद्दल. कुठे १२० सेंटीमीटर लागते, कुठे १४०. आपल्याला वाटतं, दोन बोटांनी काय बिघडतंय? मग टाचा उंच करायला सांगतो, वेणीचा बुचडा वर बांधतो. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी वय कमी सांगायचं आणि इथे उंची जास्त दाखवायची! पण ती पट्टी मुलाचं धाडस मोजत नाही. दांडा खांद्यावर, मांडीवर नीट बसेल एवढं अंग भरलंय का, हे मोजते. निघण्याआधी अंगणवाडीत नाहीतर शाळेत मुलाची उंची मोजून घ्या. ४ फूट म्हणजे साधारण १२२ सेंटीमीटर. बसत नसेल तर घरीच सांगा, "यंदा ही गाडी नाही." दारात रडारड होत नाही.

उंची बसली तरी एकदम मोठ्या गाडीत बसवू नका. आधी चक्री घोडे, मग लहान मुलांची गाडी, मग मोठी. आधी लांबून दोन-तीन फेऱ्या दाखवा. खाली येताना पोटात गोळा येतो, हेही आधी सांगा. गाडी आणि आपण एकदमच खाली जात असतो, सीटचा आधार क्षणभर सुटतो, म्हणून तसं होतं. एसटी उंचवट्यावरून उडते तेव्हा होतं तसंच. माहीत असलं की मूल कमी घाबरतं.

आणि एवढं करूनही ते नाही म्हणालं तर? गेल्या सहलीत आमच्यातल्या एकीची नऊ वर्षांची मुलगी रांगेत आमच्यापुढेच उभी होती. नंबर आला आणि म्हणाली, "आई, मला नाही बसायचं." आई म्हणाली, "अगं, एवढे पैसे भरलेत!" आम्हीही म्हणालो, "बस गं, काही होत नाही." तिला बसवलं. खाली आली ती थरथरत. दिवसभर साध्या पाळण्यातसुद्धा बसली नाही. तिकिटाचे पैसे वसूल करायला गेलो आणि तिचा सगळा दिवस घालवला. चूक आमची सगळ्यांची होती. मुलीने नाही म्हटलं, तर ते ऐकायची सवय आपण इथूनही लावू शकतो.

शेवटी थोडं आपल्यासाठी. पदर, ओढणी खोचून घ्या. केस घट्ट बांधा, मोकळी वेणी यंत्रात अडकते. पोटभर जेवून लगेच बसू नका. दिवस गेलेल्या बाईने, हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी खाली थांबावं. मुलांच्या पिशव्या सांभाळायला कोणीतरी लागतंच.

आमच्या गटाने सहलीच्या वहीत आता एक नियम लिहिला आहे. पट्टीत बसत नसेल तर बसवायचं नाही आणि मूल नाही म्हणालं तर आग्रह करायचा नाही. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय काढा. सहल सुखाची होवो.