शब्द फिरवणारा खेळाडू आणि चाहत्यांचा रोष

अमेरिकेत शालेय फुटबॉलपटू एखाद्या महाविद्यालयाला तोंडी होकार देतो. सही होईपर्यंत तो बंधनकारक नसतो. तरीही होकार मागे घेतला की चाहते चिडतात. असे का?

जवळचे उदाहरण पाहू. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. मे महिन्यात त्याने ती विनंती मागे घेतली आणि तो मुंबईकडेच राहिला. गोव्याच्या एखाद्या चाहत्याने मात्र तोवर मनातल्या मनात त्याला सलामीला उतरवले असेल!

येथे दोन संकल्पना लागू पडतात.

१. हानी-विमुखता (कानेमन व ट्वर्स्की, १९७९): मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख मोठे असते. मनाने आपला मानलेला खेळाडू गेला, तर ते नुकसानच वाटते.

२. सामाजिक ओळख (ताजफेल व टर्नर, १९७९): संघ म्हणजे ‘आपण’. म्हणून संघाला दिलेला नकार स्वतःला दिल्यासारखा झोंबतो. मग ‘तो तसा मोठा नव्हताच’ असे म्हणत कोल्ह्याला द्राक्षे आंबट होतात.

लक्षात ठेवा: नाराजी स्वाभाविक आहे, शिवीगाळ नाही. चाहत्याचा एक हंगाम जातो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे मात्र शिक्षण आणि भवितव्य त्या निवडीवर ठरते.