कंबरेचा ठणका अन् डोक्यात विचारांचा भुंगा. रात्री दोन वाजता 'ग्राउंडिंग' करायचं म्हणजे नेमकं काय?

बीड : ऊसतोडीचा हंगाम आटोपून गावाकडं परतलेल्या माणसांकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. दिवसा कामाच्या नादात कंबर कशीबशी निभावते, पण रात्री पाठ टेकली की ठणका सुरू. अन् ठणक्याच्या मागोमाग विचार. उद्या वाकता येईल का? पुढच्या हंगामाची उचल घेतली अन् कोयता चाललाच नाही तर? मुकादम काय म्हणेल? घड्याळात दोन वाजलेले असतात, झोप उडालेली असते आणि दुखणं झोपतानापेक्षा वाढलेलं असतं. सकाळी मेडिकलवरून एक गोळी, दिवस ढकलायचा, रात्री पुन्हा तेच.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ताजी जखम आणि हे दुखणं यांत फरक आहे. शेतकऱ्याला समजेल असं सांगायचं तर मोटारीच्या स्टार्टरचं उदाहरण घ्या. स्टार्टरमधला रिले फार खाली सेट झाला, की मोटार चांगली असूनही जरा लोड आला की ट्रिप होते. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचं बऱ्याचदा असंच होतं. मूळ इजा भरून आलेली असली तरी धोक्याचा इशारा चालूच राहतो. भीती, जागरण आणि सतत दुखऱ्या जागेकडंच असलेलं लक्ष, या तिन्हींमुळं हा रिले आणखी खाली येतो.

याचा अर्थ दुखणं खोटं आहे किंवा 'मनाचे खेळ' आहेत, असा अजिबात नाही. घरातल्या बाईला असं म्हणून गप्प बसवणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. दुखणं खरंच असतं. फक्त विचारांनी त्यावर चढवलेला जादाचा भार थोडा उतरवता येतो. त्यासाठीच्या साध्या युक्त्यांना ग्राउंडिंग म्हणतात. आपल्या भाषेत, भरकटलेल्या मनाला भानावर आणणं.

सगळ्यात माहीत असलेली पद्धत पाच-चार-तीन-दोन-एकची. दिसणाऱ्या पाच वस्तू मनात म्हणायच्या, चार गोष्टींना हात लावून बघायचा, तीन आवाज ऐकायचे, दोन वास घ्यायचे, एक चव ओळखायची. पण रात्री अंधारात अन् लाईट गेलेली असताना पाच वस्तू कुठून दिसणार? तेव्हा आवाजांवर भर द्या. रातकिडे, लांबून येणारा पंपाचा आवाज, पत्र्यावर पडलेलं पान, शेजारच्याचं घोरणं. एकेक आवाज ओळखायचा, तो जवळून येतोय की लांबून ते बघायचं, मग पुढचा. नंतर उठून बसा. दोन्ही तळपाय फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर टेका. टाच कुठं टेकली, अंगठा कुठं, जमीन गार आहे का, हे नीट बघा. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरला तरी चालतो.

श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. दम्याच्या माणसानं ओढाताण करू नये, श्वास कोंडून तर मुळीच धरू नये.

हे लिहिणाऱ्याची मान दोन वर्षांपासून दुखते (मोटारसायकल आणि मोबाईल, दोघांची कृपा). पहिल्या रात्री आवाज मोजताना हसूच आलं. आता मी गावापासून तालुक्यापर्यंतचे एसटीचे थांबे क्रमानं म्हणतो, मग तेच उलटे. उलटे म्हणताना डोक्याला दुसरं काही सुचायला जागा राहत नाही. मान दुखायची थांबत नाही, पण बहुतेक रात्री झोप लागते.

एक चूक मात्र टाळा. 'दुखऱ्या जागेवर लक्ष द्या' असा सल्ला काही व्हिडिओंत मिळतो. काहींना तो मानवतो, पण अनेकांचं दुखणं त्यानं वाढतं. सुरुवात शरीराबाहेरच्या गोष्टींपासून करा, नाहीतर जिथं दुखत नाही अशा जागेपासून, म्हणजे हाताचा तळवा किंवा कानाची पाळी. आणि दुखणं कमी असताना दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं सराव करा. खुरपताना मुठीचा स्पर्श, मातीचा गारवा, एवढंही पुरतं. ऐन ठणक्यात पहिल्यांदाच करायला गेलात तर तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं होईल.

उचलीचं ओझं किंवा बँकेचा हप्ता ग्राउंडिंगनं फिटत नाही, हेही खरं. ती काळजी खोटी नाही, पण रात्री दोनला त्यावर काही करता येत नाही. उशाशी कागद ठेवा, डोक्यात आलेलं दोन शब्दांत लिहा आणि उद्या दुपारी चारला बसून बघू, असं ठरवून टाका. चारला खरंच बसा, शक्यतो घरातल्या माणसाला सोबत घेऊन. लिहिता येत नसेल तर पोराकडून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला शिकून घ्या.

काही लक्षणं असतील तर मात्र घरी श्वास मोजत बसू नका. पाय बधिर किंवा लुळा पडणं, बसायच्या जागेला मुंग्या येणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, छातीतून हाताकडं किंवा जबड्याकडं जाणारी कळ. अशा वेळी थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्यामुळं किती गोळ्या घेताय हे डॉक्टरांना न लपवता सांगा.

विचार थांबतच नसतील, जगणं नको वाटत असेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा.