फाइलचे आडनाव

समजा, शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद ठेवणारी एक प्रणाली आपण डेटाबेस सॉफ्टवेअर वापरून तयार केली. ती दुसऱ्या शाळेला द्यायची आहे, पण तिथे मूळ सॉफ्टवेअर नाही. अशा वेळी माहितीची फाइल आणि ती चालवण्यापुरता प्रोग्राम एकत्र बांधून देता येतात. ही बांधणी करताना एक किरकोळ वाटणारा प्रश्न येतो : फाइलला एक्स्टेन्शन कोणते द्यायचे?

नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन. फाइलचे जणू आडनावच. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरांची मर्यादा होती. पुढे मर्यादा सैल झाली, सवय मात्र बरीच टिकली. फाइलवर दोनदा क्लिक केले की विंडोज हे आडनाव वाचते आणि फाइल कोणत्या प्रोग्रामकडे सोपवायची ते आपल्या नोंदींत शोधते. त्यासाठी फाइलच्या आत काय आहे हे ती पाहत नाही.

फाइलमेकर प्रोच्या जुन्या आवृत्त्यांत अशी बांधणी करता येई; आता ती सोय काढून टाकली आहे. आपण काही न सुचवल्यास तिथे 'यूएसआर' हे आडनाव मिळे. आता ग्रंथालयाची आणि निकालाची अशा दोन्ही प्रणाली त्याच आडनावाने एका संगणकावर बसवल्या, तर ग्रंथालयाची फाइल निकालाच्या प्रोग्रामकडे जाऊ शकते. प्रोग्राम आणि फाइल एका सांकेतिक शब्दाने जोडलेले असत. तो जुळला नाही की फाइल उघडत नसे. माहिती शाबूत असते, पण वापरणाऱ्याला वाटते की फाइल बिघडली! म्हणून प्रत्येक प्रणालीला वेगळे, इतरांनी सहसा न वापरलेले आडनाव द्यावे.

मग हे आडनाव म्हणजे कुलूप आहे का? नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलचे 'एसीसीडीबी' बदलून 'एसीसीडीआर' केले, की रचना बदलण्याची साधने दिसेनाशी होतात. पुन्हा जुने आडनाव दिले, की सारे परत हजर! मुलांचे गुण सुरक्षित ठेवायचे असतील, तर पासवर्ड देऊन फाइल सांकेतिक स्वरूपातच ठेवायला हवी.

फाइलची खरी ओळख तिच्या आत असते. एसक्यूलाइट प्रकारच्या डेटाबेसमध्ये पहिल्या १६ बाइटांत त्या प्रकाराचे नाव लिहिलेले असते. शिवाय आपल्या प्रणालीचा ओळखक्रमांक लिहायला ४ बाइट राखून ठेवलेले असतात. बाहेरचे आडनाव बदलले तरी या खुणा पुसल्या जात नाहीत.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एखाद्या चित्राच्या फाइलची प्रत काढा आणि तिचे आडनाव 'टीएक्सटी' करा. (आडनावे दिसत नसतील तर विंडोजमध्ये ती दाखवण्याची सोय आधी चालू करा.) आता फाइल उघडली की अगम्य अक्षरे दिसतील. जुने आडनाव परत द्या, चित्र जसेच्या तसे दिसेल. मधल्या काळात चित्र कुठे गेले होते, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.