भाडेकरूचा नियमभंग आणि सदनिकामालकाचे उत्तरदायित्व

म्हैसूरमधील सरस्वतीपुरम ही जुनी, शांत निवासी वसाहत. कुक्करहळ्ळीचा तलाव आणि म्हैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर येथून जवळ असल्याने भाड्याच्या घरांना विद्यार्थी व नोकरदारांकडून मागणी असते. निवृत्तीनंतर राहण्यासाठी अशा ठिकाणी सदनिका घ्यावी, तोवर ती भाड्याने द्यावी आणि त्या भाड्यातून गृहकर्जाचा हप्ता फेडावा, हा अनेक कुटुंबांचा हिशेब असतो. या हिशेबात एक गोष्ट सहसा धरलेली नसते. भाडेकरूने इमारतीचे नियम मोडले, तर उत्तर कोणी द्यायचे?

कायद्याची चौकट

मुंबई-पुण्याच्या वाचकांना सहकारी गृहनिर्माण संस्था परिचित आहे. कर्नाटकात मात्र १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने वेगळी व्यवस्था घालून दिली. त्यानुसार सदनिका व्यक्तीच्या मालकीची असते. जिना, गच्ची, आवार यांत तिचा अविभक्त हिस्सा असतो आणि कारभार सदनिकाधारकांच्या संघटनेकडे असतो. या संघटनेचे उपविधी मालकांप्रमाणेच त्यांच्या भाडेकरूंवरही बंधनकारक मानले गेले आहेत. उपविधींचा भंग झाल्यास नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम यांसाठी संघटनेला न्यायालयाचे दार ठोठावता येते.

असे असले, तरी भाडेकरार होतो तो मालक आणि भाडेकरू यांच्यात. संघटना त्यात पक्षकार नसते. त्यामुळे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार तिला आपसूक मिळत नाही. तिचा हात भाडेकरूपर्यंत पोहोचतो तो बहुधा मालकाच्याच मार्फत.

तक्रारीपासून नोटिशीपर्यंत

समजा, पुण्यातील एका निवृत्त दांपत्याने सरस्वतीपुरममधील आपली सदनिका तीन विद्यार्थ्यांना दिली. रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, दुचाकी शेजाऱ्याच्या जागेत उभ्या राहतात. जाणत्या संघटनेचे पहिले पाऊल म्हणजे तोंडी समज. त्यानंतर तारीख, वेळ आणि मोडलेला नियम नमूद करून भाडेकरूला लेखी पत्र, आणि त्याची प्रत मालकाला. सुधारणा न झाल्यास कार्यकारिणीपुढे दोघांचे म्हणणे ऐकून घेतले जाते. उपविधींत तशी तरतूद असेल, तरच दंड आकारता येतो. तो मालकाच्या खात्यावर पडतो. गोंगाटाच्या बाबतीत पोलिसांकडेही जाता येते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे.

एवढ्यावर भागले नाही, तर मालकाला स्वतः पुढे यावे लागते. दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या घरांना १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा लागू होत नाही. तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा आधार घ्यावा लागतो. मात्र अटीचा भंग झाला म्हणून मुदतीपूर्वी भाडेपट्टा संपवायचा असेल, तर ती अट आणि भंग झाल्यास ताबा परत घेण्याचा हक्क करारातच स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. शिवाय कोणता भंग झाला हे कळवून, तो दूर करता येण्याजोगा असल्यास तशी संधी देणारी लेखी नोटीस बजावावी लागते. करारात इमारतीच्या नियमांचा उल्लेखच नसेल, तर त्या दांपत्याचे हात बांधलेले राहतात.

मर्यादेचे भान

संतापाच्या भरात पाणी तोडणे, वीज बंद करणे हे मार्ग संघटनेच्याच अंगावर येतात. वीज ही मूलभूत गरज असून तिच्यापासून कोणाला वंचित ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका घरमालक-भाडेकरू वादात स्पष्ट केले. नियमही कायद्याला धरून असावा लागतो. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अशी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना आहे.

महाराष्ट्रातही भाडेकरूंविषयीच्या नाराजीला शासनाने सीमा घातली. १ ऑगस्ट २००१ च्या निर्णयाने गृहनिर्माण संस्थांचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते ग्राह्य धरले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात इमारतीचे व्यवस्थापन थेट भाडेकरूविरुद्ध न्यायालयात जाऊ शकते. परंतु न्यायालयाचा आधीचा आदेश मोडल्याखेरीज तेथेही निवासी भाडेपट्टा रद्द होत नाही.

सदनिका भाड्याने देताना

सदनिका कर्जाऊ असल्यास कर्जकरारातील अटी पाहून बँकेची आवश्यक ती संमती घ्यावी. उपविधींची प्रत भाडेकराराला जोडून त्यावर भाडेकरूची सही घ्यावी. नियमभंगाचा दंड अनामत रकमेतून वळता करण्याची आणि वारंवार भंग झाल्यास करार संपवण्याची अट लिहावी. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची असून ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. कर्नाटकात एक वर्षाहून अधिक मुदतीचा करार असल्यास नोंदणी चुकवू नये. संघटनेला भाडेकरूचे नाव आणि आपला चालू पत्ता, दूरध्वनी क्रमांक कळवावा.

दूर राहणाऱ्या मालकाने एवढी दक्षता घेतली, तर बहुतेक तक्रारी पहिल्या पत्रातच मिटतात. पुढे स्वतः तेथे राहावयास गेल्यावर शेजाऱ्यांशी असलेला सलोखाही त्याला शाबूत मिळतो.