धोटा कुणाचा, फायदा कुणाचा?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून आतल्या गल्लीत शिरले की यंत्रमागांची खटखट कानावर पडते. हा आवाज आपल्या दोन-तीन पिढ्यांची रोजीरोटी आहे. परंतु ज्या धोट्याच्या धावण्याने तो होतो, तो धोटा आला कुठून, याचा विचार आपले व्यापारी बांधव क्वचितच करतात. उर्दू शाळेत आम्ही इंग्लंडची औद्योगिक क्रांती पाठ केली, मार्क मिळविले आणि विसरलो. कापडाच्या धंद्यात उमर गेल्यावर समजले की तो धडा आपल्याच नाक्याचा होता.

१७३३ साली इंग्लंडच्या जॉन के याने उडत्या धोट्याचे पेटंट घेतले. त्याआधी विणकर एका हाताने धोटा टाकी व दुसऱ्या हाताने झेली. रुंद कापडाला दोन माणसे लागत. आता दोरी ओढताच धोटा धावू लागला व एका माणसात काम भागले. पण सूत कातणारे हात तेवढेच राहिले आणि सुताची टंचाई पडली. तेव्हा १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जने एका चाकावर आठ चात्या फिरविणारी ‘जेनी’ बनविली. १७६९ मध्ये आर्कराईटने कताई यंत्राचे पेटंट घेतले व पुढे ते पाण्याच्या जोरावर चालविले. मग सूत उदंड झाले आणि विणणारे कमी पडले! १७८५ साली कार्टराईट नावाच्या पाद्र्याने यंत्रमाग काढला. इतक्या यंत्रांना कापूस पुरेना, म्हणून १७९३ मध्ये अमेरिकेत व्हिटनीने सरकी वेगळी करणारे यंत्र बनविले. त्याने कापसाची शेती वाढली आणि त्या शेतांत राबणाऱ्या गुलामांची संख्याही वाढली.

सांगण्याचे तात्पर्य असे की, साखळीची एक कडी पुढे सरकली की दुसरीवर ताण येतो. सूत स्वस्त झाले तेव्हा इंग्लंडच्या हातमागवाल्यांना काही वर्षे भरपूर मजुरी मिळाली. त्यांनी मुलांनाही त्याच मागावर बसविले. पुढे यंत्रमाग सुधारला आणि तीच मजुरी पोट भरेनाशी झाली. खुद्द जॉन केचा धोटा कारखानदारांनी वापरला, पण मोबदला दिला नाही. अखेर तो फ्रान्सला निघून गेला.

ही लाट आपल्याकडे रेल्वेने आणली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली व पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट ओलांडला गेला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात येऊ लागला आणि त्याच रुळांवरून मँचेस्टरचे कापड खेड्यापाड्यांत शिरले. तिकडे उत्तरेत हातमागाचा धंदा बसला, त्यात १८५७ नंतरची दडपशाही. आझमगढ, मऊ, बनारसकडील विणकर कुटुंबे घरदार सोडून मालेगाव, भिवंडीला आली. आपल्यापैकी अनेकांची कहाणी येथूनच सुरू होते.

शेतीतही हेच घडले. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पुढे त्याच नांगरावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी संस्थानिकांच्या पाठिंब्याने पहिला यंत्रमाग चालविला. आपल्या भिवंडीत गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग आणून चालविले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि गिरणीचे विणकाम मोठ्या प्रमाणात यंत्रमागाकडे वळले. गिरणी कामगाराचे नुकसान ते आपले उत्पन्न झाले, हे विसरून चालणार नाही.

आज पारडे फिरले आहे. आपला साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिक टाकतो, तर हवेच्या झोतावरचा बिनधोट्याचा माग सहाशेच्या पुढे जातो. सुरत पुढे निघून गेले. इथे माग भंगारात वजनावर विकले जात आहेत. यंत्राशी वैर हा मात्र इलाज नव्हे. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले व चिलखत बनविण्याचे कसब शिकविले, असे कुरआनात आले आहे. हुन्नर ही नेमत आहे. प्रश्न एवढाच की, नवे यंत्र येते तेव्हा त्याचे ओझे कोण उचलतो?

इथे आम्ही व्यापारीही धुतल्या तांदळासारखे नाही. आम्ही सूत देतो, पिकाच्या हिशेबाने मजुरी देतो आणि बाजार पडला की आधी मजुरी कापतो. मागवाल्याच्या हाती शिल्लक राहत नाही, मग तो नवा माग घेणार कशाने? १९९९ साली सरकारची तंत्रज्ञान सुधार निधी योजना आली, पण तिची सवलत आधी कर्जाच्या व्याजावर होती. जो सूद टाळण्यासाठी कर्जच घेत नाही, त्याला तिचा काय उपयोग?

यावर मार्ग आपल्या शरीअतमध्येच आहे. मुदारबतमध्ये एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या प्रमाणात, आणि विणकराची कसूर नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. चार मागवाल्यांनी व एका व्यापाऱ्याने शिर्कत करून दोन नवे माग घ्यावेत. मात्र त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात : सूत बारा महिने मिळेल काय, विजेचे बिल निघेल काय, आणि तयार कापडाला गिऱ्हाईक कोण? शिवाय जुन्या मागावरच्या कारागिराला नव्या मागाचे काम आधी शिकवावे, मगच जुना माग मोडावा.

इंग्लंडच्या विणकराला कुणी वेळेवर सावध केले नाही. धामणकर नाक्याच्या विणकराला ते सांगणारे आपण आहोत, आणि त्याच्या तोट्यात वाटा उचलण्याची जबाबदारीही आपलीच आहे.