कपाट का कुरकुरते?

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या एखाद्या घरातले फणसाच्या लाकडाचे जुने कपाट रात्री हळूच उघडून पाहा. कितीही जपून दार ओढले तरी ते ‘कर्रर्र’ असा आवाज करून सारे घर जागे करते! मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी बिजागरीत खोबरेल तेलाचे चार थेंब सोडते. दार गप्प होते. पण थोड्याच दिवसांत कुरकुर पुन्हा सुरू! असे का होते बरे? तेल कमी पडले, की तो उपायच अपुरा होता?

प्रथम आवाजाचा विचार करू. बिजागरीची दोन पाने मधल्या एका खिळीभोवती फिरतात. स्थिर वस्तूला सरकू न देणारे घर्षण हे ती सरकत असतानाच्या घर्षणापेक्षा सामान्यतः जास्त असते. त्यामुळे आपण दार हळू ओढतो तेव्हा खिळीभोवतीची नळी क्षणभर अडकते, ताण वाढतो, ती एकदम सुटते आणि पुन्हा अडकते. हे ‘अडकणे-सुटणे’ सेकंदाला शेकडो वेळा घडले, की आपल्याला आवाज ऐकू येतो. व्हायोलिनची तारही ह्याच तत्त्वावर वाजते. बिजागरी इवलीशी, पण तिच्या कंपनांनी दाराची रुंद फळीही कंप पावते आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे आवाज मोठा करते.

आता प्रश्न असा, की किनाऱ्यावरच्या बिजागऱ्या इतक्या लवकर का अडकू लागतात? लाटा फुटताना असंख्य बुडबुडे फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषारातील पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर ह्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओलावा ओढते. म्हणजे बिजागरी कोरडी दिसली तरी आतील खिळीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो!

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले, की गंज चढतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रिया त्यात अधिक वेगाने चालते. गंज मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षा जास्त जागा व्यापतो. नळीतली खीळ त्यामुळे आवळली जाते आणि खरखरीत होते. कुरकुर ही अशा गंजाची पहिली सूचना असू शकते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे स्क्रू सैल होऊन जड दार निखळण्याचा धोका असतो.

एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन पेल्यांत चिमूट चिमूट मीठ घ्या. एकात पाणी आणि दुसऱ्यात खोबरेल घालून ढवळा. पाण्यात मीठ दिसेनासे होईल. तेलात ते तसेच तळाशी राहील. बिजागरीतही हेच घडते. तेल घर्षण कमी करते, पण मीठ काढून टाकत नाही. शिवाय खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, आणि जुने होऊन खवट झाले की त्यात आम्ले तयार होतात.

म्हणून खरा उपाय आधी पाण्याचा आणि मग तेलाचा! मोठ्या माणसाच्या मदतीने दाराखाली पाट किंवा लाकडी पाचर देऊन त्याचा भार पेला. एका वेळी एकच खीळ काढा. खीळ निघत नसेल तर स्क्रू काढून संपूर्ण बिजागरी सोडवा. काचकागदाने गंज घासून टाका, गोड्या पाण्याने खीळ व नळी स्वच्छ धुवा, पुसा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. नंतर खिळीला ग्रीसचा पातळ थर लावा. पातळ तेल उभ्या खिळीवरून खाली ओघळते; ग्रीस चिकटून राहते आणि ओलावाही दूर ठेवते. ग्रीस नसेल तर शिवणयंत्राचे तेल वापरा. मात्र ते अधूनमधून पुन्हा द्यावे लागेल.

पावसाळ्यात मात्र आधी आवाज कोठून येतो ते नीट ऐका. लाकूड फुगून दाराची कड चौकटीला घासत असेल, तर बिजागरीचा काही दोष नाही. तेथे कडेला मेणबत्तीचे मेण घासावे.

आगोटीच्या दिवसांत, घर पावसासाठी सज्ज करताना, हे काम उरकून घ्या आणि तारीख वहीत नोंदवा. कणकवलीसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी तुमचा मित्र असेल, तर त्यालाही तसेच करायला सांगा. कोणाचे कपाट आधी कुरकुरू लागते? कारणांसह उत्तर शोधा.